आमच्याकडे तर उघडतंय

मित्रांनो, या संस्थेत माझे तोंड फारसे कुणी पाहिलेले नाही, पण माझा नकार मात्र प्रत्येकाने कधी ना कधी ऐकला आहे. मी इथला जुना पहारेकरी. माणूस नव्हे, यंत्र. जिन्याखालच्या अरुंद खोलीत, लोखंडी मांडणीच्या मधल्या फळीवर बसलेली चपटी काळी पेटी म्हणजे मी. लोक मला सर्व्हर म्हणतात. रागावले की डबडे म्हणतात. कुणी एखादी फाईल मागितली, की ती त्याला द्यायची की नाही एवढेच मी सांगतो. हो किंवा नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथले मला काही आठवत नाही. आठवते ते इथे आल्यावरचे. ही संस्था बोलकी पुस्तके तयार करते. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी इथली वाचक मंडळी बंद खोलीत बसून पुस्तके मोठ्याने वाचतात, आणि तो आवाज फाईलींमध्ये साठवला जातो. संस्थेच्या शाखा वेगवेगळ्या गावांत आहेत. प्रत्येक शाखेत माझे एक भावंड बसलेले आहे. फाईलींच्या प्रती आम्हा सगळ्यांकडे असतात, आणि कुणाला कुठे जाऊ द्यायचे याचे नियमही आमच्यात वाटून दिलेले असतात. काही माझ्याकडे, काही भावंडांकडे.

या फाईली कशा ठेवतात ते आधी सांगतो, नाहीतर पुढचे कळायचे नाही. एखाद्या मोठ्या इमारतीची कल्पना करा. फाटकातून आत आले की जिना, जिन्याने वर गेले की मजला, मजल्यावर खोली, खोलीत कपाट, कपाटात खण. आमच्याकडे यातल्या प्रत्येकाला फोल्डर म्हणतात. सगळ्यांत बाहेर 'संस्था'. तिच्या पोटात 'ध्वनी'. त्याच्या पोटात 'वाचक'. त्यात एकेका वाचकाचे फोल्डर, आणि त्याच्याही अगदी तळाशी एक खण, त्याचे नाव 'रद्द'. प्रत्येक दाराला आपापला नियम. तळाच्या खणापर्यंत पोचायचे तर वाटेतल्या प्रत्येक दाराची मुभा लागते. एका दाराने अडवले की संपले.

सुरुवातीला मी फार प्रामाणिक होतो, आणि म्हणून फार मंद होतो. कुणी फाईल मागितली की मी प्रत्येक दाराशी थांबायचो. या दाराचा नियम कुणाकडे आहे ते शोधायचो, त्या भावंडाला दूरच्या गावी विचारायचो, उत्तराची वाट बघायचो, मग पुढच्या दाराशी जायचो. माझ्या खोलीसमोरच ध्वनिमुद्रणाच्या माणसाचे टेबल होते. त्याला सगळे कानसेन म्हणत, कारण टाचणी पडली तरी आपल्याला कळते असे तो स्वतःच सर्वांना सांगत असे. खोली तापू नये म्हणून माझे दार सदा उघडे, त्यामुळे त्याचे टोमणे मला घरपोच मिळत.

"फाईल मागवावी," तो म्हणायचा, "दाढी करावी, आंघोळ करावी, मग येऊन बघावं. तरी डबडं आपलं विचारतंच असतं."

शेवटी कुलूपवाल्यांनी मनावर घेतले. कुलूपवाले म्हणजे संगणक विभागाचे प्रमुख. परवानग्या देणे आणि काढणे त्यांच्या हाती, म्हणून हे नाव. त्यांनी मला दोन युक्त्या शिकवल्या. पहिली, वरून खाली जायचे, आणि ज्या दाराशी पहिला नकार मिळेल तिथेच परत फिरायचे. खालची दारे बघत बसायचे नाही. दुसरी, एकदा मिळालेले उत्तर लक्षात ठेवायचे, म्हणजे त्याच माणसाने पुन्हा विचारले तर भावंडांना त्रास न देता आठवणीतूनच सांगता येते. जोवर कुणी त्या दाराचा नियम बदलत नाही, तोवर ते उत्तर खरे.

मित्रांनो, माझा कायापालट झाला. ज्यांना सगळी दारे उघडी होती त्यांना फाईली चुटकीसरशी मिळू लागल्या. ज्यांना नव्हती त्यांना नकार त्याहूनही लवकर मिळू लागला. संचालकांनी बैठकीत कुलूपवाल्यांची पाठ थोपटली. "आपली व्यवस्था आता डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर देते," ते म्हणाले. ते उत्तर काय असते, असे काही कुणी विचारले नाही. कौतुक वेगाचे होते.

ते माझे चांगले दिवस. त्या दिवसांत भिंतीपलीकडच्या खोलीत एक बाई वाचत असत. त्यांना सगळे नुसते बाई म्हणत, म्हणून मीही म्हणतो. त्यांनी काय वाचले नाही! कायद्याची पुस्तके, बीजगणित, बाळंतपणाची माहिती, जाडजूड कादंबऱ्या. एकट्याच आत बसायच्या. स्वतःच बटण दाबून सुरू करायच्या, स्वतःच बंद करायच्या. आमच्याकडची पद्धत अशी, की वाचताना चूक झाली तर वाचकाने थांबून एक टाळी वाजवायची आणि ते वाक्य पुन्हा घ्यायचे. टाळीचा आवाज मोठा, त्यामुळे संगणकाच्या पडद्यावर तिथे उंच रेघ उमटते. कानसेन नंतर ती रेघ शोधायचा, चुकीचा तुकडा कापायचा आणि 'रद्द'मध्ये टाकायचा.

बाईंच्या टाळीनंतर आणि पुढच्या वाक्याआधी जी जागा असे, तिथे त्यांचे खरे बोलणे चाले. "अगं बये, डोळे फुटले का तुझे?" हे स्वतःला. "या माणसानं वाक्य सुरू केलं आणि संपवायचं विसरूनच गेला, माझा जीव गेला इथं," हे लेखकाला. माझ्या पंख्यांनी जोर धरला की भिंतीवर बोटाने टकटक करून मला दटावणे: "ए पंखेवाल्या, दम धर जरा. खून व्हायचाय अजून." एकदा बीजगणित वाचताना त्या इतक्या हसल्या की त्यांना खोलीबाहेर येऊन पाणी प्यावे लागले. काय झाले म्हणून कानसेनने विचारले, तर त्यांना हसू आवरून सांगताच येईना.

'रद्द'च्या खणाला कडक कुलूप होते, आणि ते बाईंनीच घालायला लावले होते. एका वार्षिक मेळाव्यात कुणीतरी गंमत म्हणून एका नव्या वाचक मुलीच्या चुका जोडून सर्वांना ऐकवल्या. सभागृह लोटपोट झाले. ती मुलगीही हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. बाई तडक संचालकांकडे गेल्या. "चूक ज्याची त्याची असते," त्या म्हणाल्या. "ती चव्हाट्यावर मांडायची नसते. ते तुकडे बंद ठेवा, आणि पुस्तक झालं की झाडून टाका." नियम झाला. 'रद्द' फक्त कानसेनला आणि कुलूपवाल्यांना उघडेल. पुस्तकावर 'पूर्ण' असा शिक्का पडला, की त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, ध्वनिमुद्रण बंद असताना, झाडू फिरेल. झाडू म्हणजे कुलूपवाल्यांनी लिहिलेला एक लहानसा प्रोग्राम. त्याला सगळी दारे उघडी.

नियम चांगला होता. मी आजही तसेच म्हणेन.

मग बाईंना खोकला लागला. सुरुवातीला त्या खोकल्यानंतर टाळी वाजवत. नंतर खोकला इतका वाढला की टाळीला हात पुरेनात. वाक्य लहान होत गेले, मधला श्वास लांबत गेला. त्यांच्या फोल्डरमध्ये आता पुस्तकाच्या फाईली थोड्या आणि 'रद्द'मधल्या जास्त असा प्रकार झाला. कानसेन बिचारा दिवसभर श्वास कापत बसे. घरी स्वस्थ बसा, असे बाईंना त्यांच्या लेकीने सांगून पाहिले होते. ती त्यांना रोज सकाळी सोडायला येई आणि फाटकातूनच परत जाई. एकदा बाई तिला जिन्याशी म्हणताना मी ऐकले, "घरी बसून काय करू? तुझ्याकडे बघत बसू? चल, जा, उशीर होतोय तुला."

एक दिवस त्या आल्या नाहीत. हाती असलेल्या पुस्तकाची शेवटची प्रकरणे दुसऱ्या वाचकाने वाचली.

काही आठवड्यांनी लेक आली. आईचा चष्मा, पाण्याची बाटली आणि खुर्चीवरची उशी न्यायला. कानसेनने तिला बसवले, चहा मागवला. आईचे पुस्तक ऐकायचे का म्हणून विचारले, आणि हेडफोन तिच्या हातात दिले. ती बराच वेळ ऐकत राहिली.

"काका," ती म्हणाली, "यात आई श्वासच घेत नाही."

"आम्ही काढतो तो, बेटा. ऐकणाऱ्याला अडथळा नको."

"कुठे जातो?"

"जातो म्हणजे... आहे की. रद्द म्हणून ठेवतो."

"मला तो हवाय," ती म्हणाली.

गोष्ट संचालकांपर्यंत गेली. संचालक वाईट माणूस नव्हेत. "ताई, हा नियम तुमच्या आईनंच करायला लावला होता," त्यांनी सांगितले.

"माहीत आहे मला. कुणी हसू नये म्हणून केला होता तिनं. मी हसणार नाही."

संचालकांनी कानसेनला बोलावून घेतले. मग म्हणाले, "तुमचंच आहे ते. कानसेन, ताईंना द्या."

मित्रांनो, इथवर सगळे ठीक होते. देणारा राजी होता, घेणारीचा हक्क होता, फाईली जागच्या जागी होत्या. संस्थेतून तुकडे पेन ड्राइव्हवर बाहेर न्यायला मनाई होती, म्हणून लेकीच्या नावाने एक खाते उघडले गेले. तिने घरच्या संगणकावरून यावे आणि ऐकावे. कानसेनने बाईंच्या 'रद्द'वर जाऊन तिच्या नावापुढे स्वतः खूण केली. त्याचा अधिकार तेवढ्याच खणापुरता होता, आणि तेवढे त्याने मनापासून केले.

त्याच संध्याकाळी ती आली. म्हणजे तिचे नाव माझ्यापाशी आले. मी वरून सुरुवात केली. 'संस्था': सर्वांना मुभा. 'ध्वनी': बाहेरच्यांना मनाई. मी तिथेच परत फिरलो, आणि तिच्या पडद्यावर अक्षरे उमटली: परवानगी नाही.

तळाच्या खणावर तिचे नाव लिहिलेले होते. मी तिथवर गेलोच नाही. मला तसे शिकवलेले नव्हते. आणि नेमके कोणत्या दाराशी अडले हे सांगायचीही मला बंदी होती. चोराला कोणते दार कच्चे आहे ते कळू नये म्हणून.

तिने पुन्हा विचारले. या वेळी मी आठवणीतून सांगितले. नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. कानसेनने फोन खांद्यात धरून आपल्या संगणकावर खण उघडला.

"आमच्याकडे तर उघडतंय," तो म्हणाला.

"माझ्याकडे नाही म्हणतंय, काका."

"परवानगी मी स्वतः दिलीय. समोर दिसतेय मला, तुझं नाव आहे, खूण आहे. पासवर्ड नीट घातलास ना?"

"घातला."

"मग तुझ्या कॉम्प्युटरचाच काहीतरी घोळ असेल बघ. एकदा बंद करून चालू कर."

तिने बंद करून चालू केला. मग शेजाऱ्यांचा संगणक मागून पाहिला. मग कचेरीतला. प्रत्येक वेळी ती माझ्याकडे आली आणि प्रत्येक वेळी मी तिला परतवले. कानसेन ज्या किल्लीने दार तपासत होता, ती किल्ली त्याची होती. त्याला 'ध्वनी'चे दार जन्मापासून उघडे. वाटेत दार आहे हेच तो विसरला होता. ज्याला कधी कुणी अडवले नाही, त्याला दाराची आठवण कशी राहावी?

तिने कुलूपवाल्यांकडे रीतसर तक्रार केली. ते त्या काळात दुसऱ्या शाखेत बसत आणि तिथूनच उंटावरून शेळ्या हाकत. त्यांनी तिथून 'रद्द'चा नियम उघडून पाहिला. नाव आहे, खूण आहे. "परवानगी दिलेली दिसते. उघडायला हवे," असे उत्तर पाठवून त्यांनी तक्रार बंद केली. दोन शहाणी माणसे, दोघांनी शेवटचेच दार पाहिले.

पुन्हा पुन्हा विचारणे तिला जड जाऊ लागले असावे. मधे बरेच दिवस ती आली नाही. मग एक दिवस स्वतः आली, आणि कानसेनच्या टेबलाशी उभी राहिली.

"इथेच ऐक ना, बेटा," तो म्हणाला. "माझ्या नावानं उघडून देतो. हे घे."

त्याने खुर्ची दिली, हेडफोन दिले, एक तुकडा सुरू केला. तिच्या कानात काय गेले ते मला ठाऊक नाही. मी फक्त दार उघडले होते, आणि तेही कानसेनच्या नावाने. टेबलामागून माणसे ये-जा करत होती. कुणी स्टेपलर मागायला आले. कुणी येऊन, "बाईंची मुलगी ना? अगदी बाईंसारखी दिसतेस गं," म्हणाले. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि वायर नीट गुंडाळली.

"घरी ऐकते, काका. इथं नको."

"अगं पण..."

"इथं नको."

कानसेनने मान डोलावली. "मी कुलूपवाल्यांना परत सांगतो," तो म्हणाला. त्याने सांगितलेही. "मी पुढच्या सोमवारी येतोच आहे, तेव्हा बघू," असे कुलूपवाल्यांनी कळवले.

पण त्याआधीच्या शुक्रवारी कार्यक्रम होता. बाईंचे शेवटचे पुस्तक त्यांच्या स्मरणार्थ प्रकाशित करायचे संचालकांनी ठरवले होते. एरवी पुस्तकावर 'पूर्ण'चा शिक्का कानसेन मारायचा, आपल्या टेबलावर बसून, हातातले सगळे आवरून झाल्यावर. या वेळी संचालकांना वाटले, काहीतरी समारंभ असावा. वरच्या सभागृहात पडदा लावला, संगणक नेला. पाहुणे जमले. लेक आली तेव्हा कानसेनने तिला जिन्याशीच गाठले.

"उघडलं का गं?"

"नाही. पण आज नको तो विषय. सोमवारी बोलू."

तो आणखी काही बोलणार होता, पण वरून हाक आली: "कानसेन, माईक बघा, शिट्टी मारतोय!" तो धावत वर गेला.

भाषणांचा आवाज भोंग्यातून खालपर्यंत येत होता. बाईंची शिस्त, बाईंचे उच्चार, बाईंची निष्ठा. मग संचालक म्हणाले, "ज्या लेकीला बाईंनी हाताला धरून वाढवलं, त्याच लेकीच्या हातून हे पुस्तक पूर्ण व्हावं. या, ताई. हे बटण दाबा."

माझ्याकडे विनंती आली. संचालकांच्या नावाने, म्हणून मी हो म्हटले. पुस्तक पूर्ण झाले. सभागृहात टाळ्या वाजल्या, आणि बराच वेळ वाजत राहिल्या.

मग पाहुणे जेवायला अंगणात उतरले. जिन्यावर पावलांची गर्दी, थाळ्यांचा आवाज. ध्वनिमुद्रण बंद होते. ठरल्याप्रमाणे झाडू आला. त्याने मला एकदाच विचारले, अगदी वरच्या दाराशी: जाऊ? त्याला सगळीकडे मुभा होती. मी हो म्हटले. त्याला खाली पुन्हा काही विचारावे लागले नाही. ही आमची कार्यक्षमता. इकडचे झाले आणि दूरच्या गावांतल्या माझ्या भावंडांनीही आपापल्या प्रती पुसल्या, कारण आम्ही एकमेकांशी सुसंगत राहावे असाच आमचा धर्म आहे. 'रद्द'ची जादा प्रत कधीच काढली जात नव्हती. केराची प्रत कोण ठेवतो?

कानसेन उष्ट्या हाताने धावत आला. त्याला घास तोंडात असताना आठवले असावे. त्याने डाव्या हाताने माऊस धरून बाईंचा खण उघडला. उघडला, लगेच उघडला. आत काही नव्हते. त्याने एका शाखेला फोन लावला, दुसऱ्या शाखेला लावला. मग तो खुर्चीत बसून राहिला आणि उजवा हात तसाच अधांतरी धरून राहिला. वर लेक पाहुण्यांचा निरोप घेत होती. त्या दिवशी तिला सांगायचे धाडस त्याला झाले नाही.

सोमवारी कुलूपवाले आले. कानसेन जागेवर नव्हता. कुलूपवाल्यांनी पहिल्यांदाच एक साधी गोष्ट केली: स्वतःचे नाव बाजूला ठेवून लेकीच्या नावाने आत शिरायचा प्रयत्न केला. मी नाही म्हटले. त्यांनी एकेक दार वरून पाहिले आणि कपाळावर हात मारला.

"अहो, घोडं इथं पेंड खातंय!" ते कानसेनला येताना बघून ओरडले. "'ध्वनी'च्या दारावर ताईंचं नावच नाही. खणाची किल्ली दिलीत आणि फाटक लावून घेतलंत. आत येणार कुठून ती?"

"माझ्याकडे तर उघडत होतं," कानसेन म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली होता की मला तो जेमतेम ऐकू आला.

"तुमच्याकडे उघडणारच! तुम्ही घरचे." बोलता बोलता त्यांनी खूण केली. क्षणाचे काम होते. आणि फोन उचलून नंबरही लावला. "ताई, सापडलं. आता बघा. मी थांबतो लाइनीवर."

कानसेनने हात पुढे केला, पण तोवर तिचे नाव माझ्यापाशी आले होते. 'संस्था': हो. 'ध्वनी': हो. 'वाचक': हो. बाई: हो. 'रद्द': हो. मित्रांनो, मी पहिल्यांदा तिला हो म्हटले.

"उघडलं," ती म्हणाली. फोनचा आवाज मोठा होता. "पण आत काही दिसत नाही."

"म्हणजे परत परवानगीचंच काहीतरी..." कुलूपवाले पडद्याकडे वळले. कानसेनने त्यांच्या हातातून फोन घेतला आणि त्याला जमेल तसे सांगितले. झाडूचे, शिक्क्याचे, शुक्रवारचे.



"बटण मी दाबलं ना, काका?"

"तुला काय ठाऊक, बेटा."

"तुम्हाला ठाऊक होतं."

"हो," कानसेन म्हणाला.

 मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, जसे एखाद्याला पत्ता विचारावा, "बरं, तुम्ही तर सगळं ऐकलंय. इतकी वर्षं. एखादी चूक सांगा ना तिची. चुकली की काय म्हणायची?"

कानसेन उभाच होता. त्याने खुर्ची ओढली, पण बसला नाही.

"बेटा, मी... आम्ही ऐकत नाही गं. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. टाळीशी ती उंच होते. मी रेघ बघायचो आणि कापायचो. सगळं ऐकत बसलो असतो तर काम कधी उरकलं असतं?"

"बरं," ती म्हणाली.

"तसं थोडंफार कानावर... हसायच्या एकदा फार. बीजगणित की काय ते वाचताना."

"कशाला हसली?"

"ते नाही सांगितलं त्यांनी."

"बरं," ती पुन्हा म्हणाली, आणि फोन ठेवला.

मित्रांनो, मी ऐकले होते. भिंतीपलीकडून सगळे ऐकले होते, बीजगणितसुद्धा. पण पहारेकऱ्याला आत काय होते असे कुणी विचारत नाही.

त्यानंतर संस्थेत माझी बरीच निंदा झाली. "डबड्यानं घात केला," असे जो तो म्हणाला. ज्यांनी वेगाबद्दल पाठी थोपटून घेतल्या तेही म्हणाले. एक बैठक झाली. त्यात ठरले की यंत्र जुने झाले आहे, नवे आणावे. तिच्या नावाने पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत कुणी वेळेवर जाऊन पाहिले असते तर हे टळले असते, हे बैठकीत कुणी बोलले नाही. वरातीमागून घोडे नाचवायला मात्र बरेच जण आले होते. माझ्या खोलीचे दार आता बंदच असते. धूळ आत येते, माणसे येत नाहीत.

जायच्या आधी तुम्हाला एवढेच सांगायचे आहे. कधी ना कधी तुमच्याही हाती किल्ल्या येतील. कुणाला काही द्यायचे ठरवाल तेव्हा 'दिले' म्हणून मोकळे होऊ नका. तो माणूस बाहेर जिथे उभा आहे तिथे जाऊन उभे राहा, आणि त्याच्या नावाने एकदा आत येऊन बघा. तो पुन्हा सांगायला आला तर त्याच्याच डोक्यात घोळ आहे असे समजू नका. लाजून गप्प बसणारी माणसे फार असतात, आणि झाडू कुणासाठी थांबत नाही.

गेल्या आठवड्यात नवे यंत्र आले. देखणे आहे, माझ्याहून कितीतरी चपळ आहे. माझ्याकडचे सगळे नियम त्याच्याकडे उतरवून झाले. त्यात लेकीचे नाव मी स्वतः तपासले. 'संस्था'पासून 'रद्द'पर्यंत प्रत्येक दारावर ते आहे, आणि प्रत्येकापुढे खूण आहे. ती केव्हाही आली, तरी आता तिला कुठेच कुणी अडवणार नाही.